जातं घरी, पेटी गाडीत

आईच्या जांघेत गाठ आली हे सांगायला मी धावत गेले, तेव्हा माझा बाप पेटी वाजवत होता.

दिवस मावळायला आला होता. माळावर पाटलाच्या झोपडीपुढं निम्मं गाव बसलेलं. मधोमध पायपेटी आणि तिच्यामागं खोक्यावर तो. पाय वरखाली चाललेले, डोळे मिटलेले. मी माणसांतून वाट काढत त्याच्या कानाशी गेले. म्हणाले, "बाबा, मायला गाठ आलीया. चला." त्यानं डोळे उघडले नाहीत. उजवा हात पट्ट्यांवर तसाच ठेवला, डाव्या हाताचं एक बोट वर केलं आणि म्हणाला, "एवढी गत हुंदे."

मी उभी राहिले. गत संपली. लोक वाहवा म्हणाले. कोणीतरी ओरडलं, "बुवा, आता घोड्याची!" आणि त्यानं घोड्याची गत धरली.

"मला ऐकूच आलं न्हाई," असं तो पुढे जन्मभर म्हणत राहिला. ऐकू आलं नव्हतं तर बोट कशाला वर केलं?

मग मी मोठ्यानं बोंबलले, "माझी माय मरतीया!" तेव्हा सगळे उठले. मला वाटलं, आमच्या झोपडीकडे निघाले. तसं नव्हतं. माझ्यापासून लांब व्हायला उठले होते. बायकांनी पोरं ओढून घेतली, पाटील दाराआड गेला, आणि जिथं निम्मं गाव होतं तिथं मी, बाप आणि पेटी एवढेच उरलो. ऐकणारं कोणी राहिलं नाही तेव्हा त्याचे पाय थांबले.

आमच्या गावात अजून सांगतात की गाठीच्या साथीत गुरवानं पेटी वाजवून लोकांना धीर दिला. खोटं नाही, धीर दिला. पण त्या गोष्टीत माझी आई एका वाक्यापुरती येते. त्याची बायको सरकारचा हुकूम मोडून रिकाम्या गावात गेली आणि मेली, इतकंच. कशाला गेली, हे कोणी सांगत नाही. कोणाला विचारावंसंही वाटत नाही. म्हणून मी सांगते.

आम्ही धर्मापुरीकडचे गुरव. देवळात पूजा करायची, सणावाराला वाजवायचं आणि गावानं सुगीला दिलेल्या धान्यावर राहायचं, हा आमचा धंदा. माझ्या बापाला तो नको होता. मिसरूड फुटायच्या आधी तो एका नाटक मंडळीबरोबर पळाला. तिथं पायपेटी शिकला आणि केस पिकेपर्यंत तीच वाजवली. मंडळी मोडली तेव्हा वाटणीत त्याला पेटी आली. ती घेऊन तो गावात परतला. पूजा त्याच्या भावाकडे गेली होती. लहानपणीच लावून दिलेली पहिली बायको त्याची वाट बघून बघून वारली होती. मग ह्यानं माझ्या आईशी लग्न केलं. ती कडा गावाकडची, बापाहून निम्म्या वयाची. तिला दुसरेपणावर दिली, कारण तिच्या मागं आणखी बहिणी होत्या.

बापाचा एकच ध्यास होता. नाटकात पडदा पडला की मागं देखावा बदलायचे, तोवर लोक उठून जाऊ नयेत म्हणून पेटीवाला एकटा गत वाजवायचा. त्याला शब्द नसायचे. त्याच्या तरुणपणी ह्या गती गावोगावच्या पोरांच्या तोंडात होत्या. घोड्याची गत होती, तिच्यात टापा ऐकू यायच्या. हटकऱ्याची होती, तिच्यात दोन माणसं भांडायची. पुढे मंडळ्यांनी पेट्या बदलल्या, चाली बदलल्या, परळीच्या एका सावकाराकडे थाळ्या फिरवून गाणी ऐकवणारा बाजा आला, आणि गती लोक विसरले. बाप त्या एकेक करून आठवत होता. आठवली की लोकांना बोलावून ऐकवायचा. घोड्याची गत पहिल्यांदा ऐकवली तेव्हा एक म्हातारा तेली म्हणाला, "बुवा, घोडा चांगला हाय, पर मागल्या पायानं लंगडतोय." बाप आठ दिवस त्याच्याशी बोलला नाही. पण नंतर घोडा लंगडायचा थांबला.

एक गत मात्र त्याला अर्धीच येत होती. मेण्याची गत. मेणा उचलून भोई निघाले आहेत आणि आत कोणी बाई बसली आहे, अशी ती. पहिला भाग पक्का आठवत होता. पुढचा, अंतरा, साफ गेला होता. त्यासाठी तो देवळाच्या पायरीवर बसणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला धरायचा. "ऐकलती का तुमी? पुढं कशी जायाची?" म्हातारे आपापल्या मनचं काहीतरी गुणगुणायचे. बाप मान हलवायचा आणि घरी येऊन त्यांना शिव्या द्यायचा.

एकदा तो घरात तीच गत घोळवत होता. आई भाकरी थापत होती. ती सहज म्हणाली, "हे तर आमच्या कड्याकडं जात्यावर म्हणतेत."

बाप म्हणाला, "जात्यावरचं येगळं. ही नाटकाची गत हाय."

"आसंल बाई," आई म्हणाली आणि भाकरी उलटली.

एवढंच बोलणं झालं. मी तिथं होते. हे लक्षात ठेवा.

त्या हिवाळ्यात गावात उंदीर पडायला लागले. आधी चावडीमागं, मग बाजारगल्लीत. तहसिलीतून हुकूम आला, परळीहून जवान आले, दवंडी पिटली. उद्या सांजपर्यंत गाव खाली करून माळावर राहायला जायचं, साथ हटेपर्यंत कोणी गावात पाऊल टाकायचं नाही. घरांना कुलपं लागली. पाटलानं आमच्या गल्लीला एक गाडी दिली. प्रत्येक घराला एक खेप.

आईनं आधी जातं चढवलं. मग ज्वारीचं पोतं, भांडी, वाकळा. बाप आतून पेटी घेऊन आला. आला म्हणजे काय, त्यानं आणि गाडीवानानं मिळून ती आणली, लाकडाची संदूक असावी एवढी ती होती. गाडीत ती बसेना. बापानं गाडीत बघितलं आणि जात्याला हात घातला.

आई म्हणाली, "ते कावून काढता?"

"पेटी बसत न्हाई."

"मग पेटी ऱ्हाऊ द्या की घरात."

"आगं भाता चामड्याचा हाय तिचा. उंदरं खातेत."

"आन आपुन काय खायाचं?"

गाडीवान फिदीफिदी हसला. बापाला ते झोंबलं. "माळावर घरागणिक जातं येईल. कुणाचंबी माग. जातं काय कुणी गिळतंय?"

"गाठीच्या दिसात जातं कोन देतंय?"

"मी बोलतो ना लोकायला."

गाडीवानानं आणि त्यानं जातं उतरवून पुन्हा घरात नेलं, उंबऱ्याच्या आत ठेवलं, कुलूप लावलं. पेटी जात्याच्या जागी बसली. तिच्यावर आमची एकुलती धड वाकळ टाकली, धूळ लागू नये म्हणून. मी आणि आई गाडीमागं चालत माळावर गेलो.

तो लोकांशी बोलला नाही. पहिल्या दिवशी नाही, नंतरही नाही.

आई शेजारच्या झोपडीत गेली. ती बाई वाईट नव्हती. गावात आमचं तिच्या घरी जाणंयेणं होतं. ती म्हणाली, "बाई, राग मानू नगं. तुझ्या घरचं पीठ माझ्या जात्यात ऱ्हातंय. उद्या काय झालं म्हंजे?"

"आमच्यात अजून कुनालाच काय झालं न्हाई."

"व्हायच्या आदी कुनालाच झालेलं नसतंय."

तिला मी दोष देत नाही. मीही दिलं नसतं. त्या दिवसांत कोणी कोणाचं पाणी पीत नव्हतं, चिलीम देत नव्हतं. जातं कोण देणार?

आईनं ज्वारी शिजवून घुगऱ्या केल्या. दगडावर ठेचून कण्या केल्या. मी खाल्ल्या. बापानं थोडे दिवस खाल्ल्या आणि मग ताट सरकवलं.

"भाकर न्हाई का?"

"पीठ न्हाई."

"घुगऱ्या खाऊन पेटीला पाय मारता येत न्हाईत. पोट गुबारतंय."

आई म्हणाली, "मग पाटलाला सांगा. त्यांच्यात दोन जाती हायेत. रोज तुमची पेटी ऐकतेत, पायलीभर दळून देतील."

हे खरं होतं. माळावर आल्यापासून रोज संध्याकाळी पाटलाच्या झोपडीपुढं पेटी वाजायची. लोकांना काम नव्हतं आणि सगळ्यांना भीती होती. दिवसातून एकदा तरी कोणाच्या तरी झोपडीतून रडणं ऐकू यायचं. मग संध्याकाळी पेटीभोवती गोळा व्हायचे. एरवी गावात ज्यांनी त्याला "नाटक्या" म्हणून हिणवलं, तेच आता "बुवा, बुवा" करत होते. पोरं ओरडायची, "काका, घोडा पळवा!" म्हातारे रडायचे, लहानपणी ऐकलेलं पुन्हा ऐकू आलं म्हणून. माझा बाप आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गावात कोणीतरी झाला होता. नुसता शब्द टाकला असता तर पाटलीणबाईंनी पीठ आणून दिलं असतं.

तो म्हणाला, "पीठ मागू मी? उद्या म्हणतील, गुरव पिठासाठी वाजवतोय. तेच करायचं आसतं तर देऊळ कावून सोडलं आसतं?"

"मग भाकर कावून मागता?" आई म्हणाली.

तो उठून पेटीकडे गेला. आईला उत्तर द्यायचं नसलं की तो पेटीकडे जायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं ज्वारी फडक्यात बांधली आणि मला म्हणाली, "चल." रस्त्यावर जवान बसायचा, म्हणून आम्ही पांदीनं गेलो. दुपारच्या वेळी रिकामं गाव कसं दिसतं हे मी पुन्हा कधी बघितलं नाही, बघायची इच्छाही नाही. कुत्री तेवढी होती. देवळाशी कोणी नव्हतं. आमच्या दाराचं कुलूप आईनं उघडलं. आत वास मारत होता. जात्याच्या पाळीला लागून एक उंदीर मरून पडला होता. आईनं तो कुंच्यानं बाहेर ढकलला, जातं पुसलं आणि बसली. मी समोर बसून खुंट्याला हात लावला.

दळताना ती नेहमीसारखी गुणगुणली. मोठ्यानं नाही, कोणी ऐकेल म्हणून. शब्द नव्हते, नुसती चाल. मेण्याची गत होती ती. पहिला भाग संपला की बाप अडायचा, तिथं ती अडली नाही. सरळ पुढे गेली, वर चढली आणि वळून परत आली. मी म्हणाले, "माय, बाबाला हेच पायजे." ती म्हणाली, "त्यायला जात्यावरचं नगं." आणि मूठभर ज्वारी जात्यात टाकली.

त्या संध्याकाळी बापानं भाकरी खाल्ली. पीठ कुठून आलं, हे त्यानं विचारलं नाही. ही गोष्ट मी विसरलेले नाही. घरात पीठ नाही, शेजारी जातं देत नाही, आणि ताटात भाकरी येते. माणूस विचारतो. त्यानं विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्याला काहीतरी करावं लागलं असतं. पीठ संपलं की आई पुन्हा गेली, त्यानंतरही गेली. दर वेळी मी बरोबर होते. एकदा आईनं पायाला काहीतरी चावलं म्हणून खाजवलं. तेव्हा कोणाला माहीत होतं पिसवांचं?

मग तिला थंडी वाजली. सकाळी ताप, दुपारी डोळे लाल, दिवस मावळता गाठ. मी पेटीकडे धावले. पुढचं वर सांगितलंच आहे.

बाप झोपडीत आला. खोटं लिहीत नाही, आला आणि राहिला. तिच्या तोंडात पाणी घातलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. हुकमाप्रमाणे आजाऱ्याची झोपडी लांब हलवायची होती, ती त्यानं एकट्यानं हलवली. मला शेजारणीनं आपल्या झोपडीबाहेर, कडब्याच्या आडोशाला निजायला जागा दिली. पण मी दिवसभर आईच्या दाराशीच असायची. बाप हाकलायचा, मी परत यायची.

दुसऱ्या दिवशी ती बरळायला लागली. बहिणींना हाका मारत होती, कोणालातरी बैल धरायला सांगत होती. मग तिचा हात फिरायला लागला. जमिनीवर, गोल गोल. तोंडातून चाल निघाली. तीच. घसा फुटलेला, पण चाल सरळ. अंतऱ्यापर्यंत आली आणि पुढे गेली.

बाप तिच्या उशाशी बसला होता. ओलं फडकं त्याच्या डाव्या हातात होतं. मी दारातून बघत होते. त्याची मान वर झाली. तो तिच्या तोंडाकडे बघायला लागला. आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं त्याच्या मांडीवर चालायला लागली. एक सूर, दुसरा सूर. चुकलं की परत. आई थांबली तेव्हा तो वाकला आणि म्हणाला, "आगं, पुन्हा म्हन. वर कशी गेलीस ते पुन्हा म्हन."

नऊ-दहा वर्षांची होते मी. तेव्हा कळलं नाही की मला काय वाटतंय. आज कळतं. त्याच्या हातातलं फडकं घेऊन त्याच्या तोंडावर मारावंसं वाटलं होतं.

तिनं पुन्हा म्हटलं की नाही, मला माहीत नाही. शेजारीण मला ओढून घेऊन गेली. रात्रीत आई गेली. सकाळी पाटलाची तीच गाडी आली, तोच गाडीवान. ह्या वेळी तो हसला नाही. गाडीत आई एकटीच, मागं चालायला बाप आणि पाटलाचा एक माणूस. आमच्या झोपडीला आग लावली. पेटी पाटलाच्या दारात होती, म्हणून ती वाचली.

गावात बोलणं सुरू झालं. "बाईला अक्कल न्हवती." "जवान बसवलेला आसताना पांदीनं जायाची काय गरज हुती?" "बिचाऱ्या बुवाचं नशीब." बापानं एकदाही सांगितलं नाही की भाकर त्याला हवी होती. मान खाली घालून ऐकायचा, आणि लोकांना वाटायचं, किती सोसतोय.

साथ हटली. लोक गावात परतले. आमच्या दाराच्या आत जातं होतं, पाळीत थोडं पीठ सांडलेलं होतं. बापानं त्याच्याकडे बघितलं आणि पेटी ठेवायला जागा केली.

शिमग्याच्या सुमारास त्यानं देवळापुढं मेण्याची गत पुरी वाजवली. सगळं गाव रडलं. चांगली वाजवली, हे मी नाकारत नाही. तो तेली म्हातारा साथीत गेला होता, नाहीतर तोही म्हणाला असता की आता काही लंगडत नाही. त्यानंतर ती गत ऐकायला परळीहून, मोमिनाबादेहून लोक यायचे. लग्नात बोलवायचे. "बुवांनी गेलेली गत परत आणली," असं म्हणायचे.

मला आजोळी पाठवलं, कड्याला. तिथं एका मास्तरांनी मला चार बुकं शिकवली, त्यावर हे लिहिते आहे. कड्याला आजी, मावश्या, शेजारणी रोज दळताना ती चाल म्हणायच्या. अख्खी म्हणायच्या, अंतऱ्यासकट. त्यात काही हरवलेलं नव्हतं. बाप एकदा सासुरवाडीला येऊन राहिला असता तर अंथरुणात पडल्या पडल्या त्याला ती मिळाली असती. पण बायकोच्या माहेरी तो कधी राहिला नाही, आणि बायकोला कधी विचारलं नाही.

लग्नानंतर मी एकदा त्याला भेटायला गेले होते. दोन-चार माणसं ऐकायला बसलेली. त्यानं गत संपवली. मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बाबा, अंतरा कुठून आणला ते सांगा ह्यायला."

तो म्हणाला, "कुठून म्हंजे? सुचला."

"मायच्या तोंडून घेतला. ती मरत हुती तवा."

माणसं चुळबुळ करायला लागली. बाप पेटीचं झाकण पुसत राहिला. मग म्हणाला, "तुला घोड्याची वाजवू का? तुला घोडा आवडायचा."

मला घोडा कधीच आवडला नव्हता. मी चपला घातल्या आणि निघाले. पुन्हा गेले ती त्याला न्यायची वेळ झाली तेव्हा. तो खूप म्हातारा होऊन गेला. पेटी त्याच्या पुतण्यानं नेली.

जातं मी आणलं. अजून चालतं.

गाठीच्या साथीत आमच्या घरातून आई गेली. बाप वाचला. आणि त्या रिकाम्या गावात दर वेळी तिच्यासमोर बसून खुंटा धरणारी मी, मीही वाचले.